मुंगसाचं तोंड

धोंडप्पांच्या बैठकीच्या भिंतीवरचं मुंगूस डावीकडे बघत होतं, आणि ते दिसल्यापासून सुभेदार उदयसिंहांच्या घशाखाली चहा उतरत नव्हता. धोंडप्पांच्या पत्नी जगदेवीबाई आतून येऊन "चा कुडीरी, प्या की पाव्हणं, गार व्हतंय" असं म्हणून गेल्या. उदयसिंहांनी कप उचलला, ओठाला लावला आणि तसाच बशीत ठेवला. नजर भिंतीवरच.

खरं म्हणजे सगळं जमत आलं होतं. त्यांची अंकिता आणि धोंडप्पांचा महेश्वर कॉलेजात एका वर्गात होते, आणि एका वर्गात असल्यावर जे व्हायचं ते झालं होतं. अंकिताने घरी सांगितलं तेव्हा उदयसिंहांनी रिवाजाप्रमाणे आधी नाही म्हटलं. आपण मोहोळकडचे मराठे, ते अक्कलकोटकडचे लिंगायत, घरात कानडी बोलणारे. आपल्यासमोर बसून आपल्याविषयी काय बोलतील तेसुद्धा कळायचं नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. पण मुलाचे वडील फौजेत होते, आणि तेही आपल्याच पलटणीत, हे कळल्यावर गडी विरघळला. "पलटणीतला म्हंजी घरचाच की," म्हणून त्यांनी होकार दिला. बाकी कशावर नाही, या एका गोष्टीवर हे लग्न उभं होतं. अंकिताला ते पक्कं माहीत होतं. म्हणून वडील भिंतीकडे असे रोखून बघायला लागल्याबरोबर तिने शेजारी बसलेल्या आईला हळूच कोपराने ढोसलं.

आता हा माणूस कसा होता ते सांगायलाच हवं. गॅसची टाकी आली की ते आणणाऱ्याच्या देखत ती हलवून बघायचे. दूधवाला "आज म्हशीचं हाय" म्हणाला की "मग काल कशाचं व्हतं?" असं विचारायचे. लग्नाची पत्रिका हातात पडली तरी आधी उलटी करून मागे काय छापलंय ते बघायचे. पहाऱ्यावर उभं राहून राहून नजर अशी तयार झाली, असं त्यांचं म्हणणं होतं. "माझ्या नजरंतून काय सुटत न्हाय," हे वाक्य त्यांच्या बायकोने, मथुराबाईंनी, संसारात इतक्यांदा ऐकलं होतं की त्या आता त्यावर हूंसुद्धा म्हणत नसत.

त्यांची पलटण पूल बांधणाऱ्यांची. तिचं बोधचिन्ह म्हणजे कमानीवर उभं राहिलेलं मुंगूस, तोंडात दोर, शेपूट वर, आणि कमानीखाली एकमेकांवर आडवी टाकलेली फावडी. नुसतं बघणाऱ्याला त्यातलं काही धड कळत नसे. उदयसिंहांच्या घरी येणारे पाहुणे "खार झकास हाय" म्हणायचे, कुणी दोराला साप म्हणायचं. मग उदयसिंह उठून उभे राहायचे आणि समजावून सांगायचे. कमान म्हणजे पूल. दोर म्हणजे एकमेकांना धरून राहणं. शेपूट वर म्हणजे गडी जागा आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं ते तोंड. मुंगसाचं तोंड कायम शत्रूकडे. ते फिरलं म्हणजे पलटणीने पाठ दाखवली. हे सगळं ऐकून घेऊन पाहुणा पुन्हा "पर खार लई हुबेहूब हाय" म्हणायचा, ती गोष्ट वेगळी.

शिवाय त्यांच्या घरातलं चिन्ह बाजारातून आणलेलं नव्हतं. पलटणीच्या सुवर्णमहोत्सवाला सगळ्या आजी-माजी जवानांना चादरी द्यायचं ठरलं, तेव्हा सोलापूरचा गडी म्हणून त्यांनाच गावी धाडलं होतं. त्यांनी शहराच्या पूर्व भागातल्या एका विणकराकडे तळ ठोकून त्या विणून घेतल्या. पलटणीचं ब्रीदवाक्यही घालायचं होतं, पण विणकर म्हणाला, अक्षरं नको, मागल्या बाजूनं रंगासकट उलटी दिसतात, वाचणारे हसतील. ते उदयसिंहांना पटलं होतं. त्यातली एक चादर त्यांच्या हॉलच्या भिंतीवर टांगलेली होती. तिच्या डाव्या हाताला त्यांची आरामखुर्ची, उजव्या हाताला घराचं दार. रोज आंघोळ झाली की ते तिच्यापुढे ताठ उभे राहून सॅल्यूट ठोकायचे. आणि त्या चादरीवरचं मुंगूस उजवीकडे, दाराकडे बघत होतं.

इथं धोंडप्पांकडे तेच मुंगूस काचेच्या फ्रेममध्ये बसून बरोबर उलटीकडे बघत होतं.

"ह्ये कुटनं आणलं?" उदयसिंहांनी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं.

"पलटणीनं दिलेली चादर हाय की," धोंडप्पा म्हणाले. "धूळ बसाय नको म्हणून काचंत घातली." धोंडप्पा जाडजूड आणि कमी बोलणारे गृहस्थ. ते निवृत्त झाले तेव्हा उदयसिंह नुकते भरती झालेले, कंपन्याही वेगळ्या, त्यामुळे दोघांनी एकमेकांना फौजेत कधी पाहिलंच नव्हतं. ही गोष्ट आतापर्यंत कुणाला खटकली नव्हती. आता उदयसिंहांना ती चांगलीच खटकली.

 परतताना गाडीत, सात रस्ता चौक आला तसे उदयसिंह बोलले, "त्यो माणूस फौजी न्हाय."

मागे बसलेल्या अंकिताने डोळे मिटून घेतले. मथुराबाईंनी विचारलं, कशावरून. मुंगसावरून, असं उत्तर आलं. खरा पलटणीचा माणूस तोंड फिरवलेलं मुंगूस भिंतीवर लावेल का, ही कुणीतरी केलेली नक्कल आहे आणि नक्कल करणाऱ्याला डावं-उजवं कळलेलं नाही. शिवाय रंगही उलटे. जमीन खाकी आणि मुंगूस हिरवं हवं, तर तिथं जमीन हिरवी आणि मुंगूस खाकी.

"पप्पा, मग आपल्या चादरीचे रंग कसे आहेत?" अंकिताने विचारलं.

 उदयसिंहांची चादर ऊन खाऊन आणि धुऊन धुऊन आता सगळीकडून मातकट झाली होती. "आपली वेगळी हाय," ते म्हणाले, आणि विषय मिटवला.

मथुराबाईंनी मात्र बजावून सांगितलं की नुसत्या मुंगसावरून पोरीचं लग्न मोडू देणार नाही, काय असेल तो पुरावा आणा. झालं, नवऱ्याच्या हातात कामच दिलं त्यांनी. दुसऱ्याच दिवशी उदयसिंहांनी धोंडप्पांना फोन लावला. तब्येतपाणी विचारून झाल्यावर हळूच गाडी वळवली. तुमच्या वेळी पलटण कुठल्या नदीवर होती, मोठे साहेब कोण होते, पुलाचं सामान कुठं ठेवायचे.

 मग धोंडप्पा म्हणाले, "ह्ये कशाला पायजे तुमाला?"

"सहजच की."

"असली माहिती फोनवर देत नसतो आमी." आणि फोन बंद.

उदयसिंहांना हवं होतं ते मिळालं. माहीतच नाही तर सांगणार काय, असं त्यांनी घरात जाहीर केलं. पण तिकडे धोंडप्पांचंही डोकं फिरलं होतं. अनोळखी लोक फोन करून फौजेची माहिती काढतात, सावध राहा, असं माजी सैनिकांच्या बैठकीत नुकतंच सांगितलेलं. धोंडप्पांना संशय यायला वेळ लागायचा, पण एकदा आला की तो जायला त्याहून जास्त वेळ लागायचा. त्यांनी महेश्वरला बोलावून विचारलं, की तुझा होणारा सासरा फौजेत होता हे तुला कुणी सांगितलं. महेश्वर म्हणाला, अंकिताने. आणि अंकिताला कुणी सांगितलं? तिच्या वडिलांनी. "म्हंजी त्यानंच," धोंडप्पा म्हणाले आणि जेवण न करता झोपाळ्यावर जाऊन बसले.

त्या संध्याकाळी दोन्ही पोरं सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर भेटली. महेश्वर म्हणाला, माझ्या वडिलांना तुझे वडील हेर वाटायला लागलेत. अंकिता म्हणाली, माझ्या वडिलांना तुझे वडील तोतये वाटतात. त्यावर दोघं हसली, आणि मग अंकिताला एकदम रडू आलं. साखरपुडा तोंडावर आला होता. एका मुंगसापायी आपलं सगळं जाणार, असं तिला आता खरंच वाटायला लागलं होतं.

पुढची चाल धोंडप्पांची. जगदेवीबाई एक दिवस अचानक शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या घेऊन उदयसिंहांच्या दारात उभ्या. इकडून चालले होते, म्हटलं विहीणबाईंना भेटावं. पाणी प्याल्या, साडीचं बोलल्या, आणि मथुराबाई चहाला आत वळल्याबरोबर त्यांनी मोबाईल काढून भिंतीवरच्या चादरीचा फोटो काढला. उदयसिंह बेडरूमच्या पडद्याआडून बघत होते. ते तसेच बाहेर आले.

"फोटू कशाला?"

जगदेवीबाई दचकल्या. "न्हाय, खार लई छान हाय की," त्या म्हणाल्या.

संपलं. पलटणीच्या माणसाची बायको, जन्म त्या माणसाच्या घरात गेला, आणि मुंगसाला खार म्हणते. उदयसिंहांना आता पुराव्याची गरजच उरली नाही. तिकडे धोंडप्पांनी फोटो मोठा करून पाहिला, आणि त्यांना दिसलं की उदयसिंहांच्या मुंगसाने सरळ सरळ पाठ फिरवली आहे. दोघांनीही ठरवलं, आता जे काय ते साखरपुड्यात, चार माणसांसमोर.

साखरपुड्याच्या सकाळी उदयसिंहांनी स्वतःच्या हाताने चादर भिंतीवरून उतरवली, घडी घातली आणि पिशवीत भरली. अंकिता नवी साडी नेसून दारात उभी होती. पिशवीत काय आहे, असं तिने विचारलं.

"पुरावा."

"पप्पा, तुम्ही आज तिथं काही बोललात ना, तर मी तुमच्याशी आयुष्यात बोलणार नाही."

"तुझ्या भल्यासाठीच हाय ह्ये, बाळ," ते म्हणाले. आणि ते तसं मनापासूनच म्हणत होते, हीच तर पंचाईत होती. खोट्या माणसाच्या घरात आपली मुलगी द्यायची या विचाराने त्यांना रात्र रात्र झोप नव्हती.

अक्कलकोट रोडच्या धोंडप्पांच्या घरी बैठक माणसांनी भरलेली. दोन्हीकडचे पाहुणे, गुरुजी, पाटावर अंकिता आणि महेश्वर, दोघांचेही चेहरे साखरपुड्यापेक्षा दवाखान्याला शोभणारे. भिंतीवर काचेआड मुंगूस. ओटी भरून झाली, अंगठ्यांची डबी उघडली, आणि इतक्यात उदयसिंह उठून म्हणाले, "एक बोलायचं हाय." नेमकं त्याच वेळी समोरून धोंडप्पाही उठले आणि तेच म्हणाले. मग तुमी बोला, न्हाय आदी तुमी, तुमी मुलीकडचे, असं बराच वेळ चाललं. रिवाज दोघांनाही मोडवेना. अखेर मुलीकडच्यांचा मान म्हणून उदयसिंहांनी पिशवीत हात घातला.

त्यांनी चादर बाहेर काढली, दोन्ही टोकं धरून डोक्याच्या वर उंच धरली आणि मान खाली घालून खात्री करून घेतली. मुंगूस उजवीकडेच बघत होतं.

"बघा," चादरीमागून त्यांचा आवाज आला. "ह्ये पलटणीचं खरं चिन्ह. आन् त्ये भिंतीवरचं खोटं. आता पाव्हण्यांनी सांगावं, असं का."

 धोंडप्पांचे थोरले भाऊ सिद्धप्पा यांनी चष्मा पुसला, भिंतीकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं.

"दोन्ही सारकीच दिसत्यात की हो," ते म्हणाले.

"नीट बघा. तोंड कुटं हाय?"

"डावीकडं."

"डावीकडं न्हाय, उजवीकडं. मी बघतोय की हितनं."

"आमी बी बघालोय की हितनं."

उदयसिंहांना वाटलं, सगळं घर सामील आहे. त्यांनी आपल्या बाजूच्या पाहुण्यांना विचारलं. तेही डावीकडंच म्हणाले. मथुराबाईंना विचारलं, त्या पदराआड हसत होत्या. तेव्हा चिडून त्यांनी चादर फर्रकन फिरवली आणि पुन्हा उंच धरली. "आता?" सगळे एकमुखाने म्हणाले, "आता उजवीकडं." पण आता खुद्द उदयसिंहांच्या नाकासमोर जे मुंगूस होतं, ते डावीकडे बघत होतं. त्यांनी चादरीच्या कडेने डोकं पुढे काढून बघितलं. मग पुन्हा मागे घेतलं. पुन्हा पुढे काढलं.

"पाव्हणं," सिद्धप्पा अगदी प्रेमाने म्हणाले, "सोलापूरच्या माणसाला चादरीला दोन बाजू असत्यात ह्ये सांगाय लागतंय म्हंजी अवघड हाय."

जो हशा पिकला, तो थांबेना. गुरुजीसुद्धा हसले. उदयसिंहांचे कान लाल झाले, पण माघार घेईल तो सुभेदार कसला. बाजू दोन असल्या तरी सुलट एकच, आणि सुलट कुठली ते मला विचारा, असं त्यांचं म्हणणं. ते रोज सकाळी तिच्यापुढे उभे राहतात, आणि त्यांच्या भिंतीवरचं मुंगूस पहिल्या दिवसापासून उजवीकडे बघत आलेलं आहे.

"पयल्या दिसापासनं कुटं?" मथुराबाई म्हणाल्या. "दर दिवाळीला धुती आन् बाजू बदलून टांगती मी. येकाच अंगाला ऊन लागून इटाय नको म्हणून. पलंगावरच्या चादरीचं बी तसंच करती की."

"दर दिवाळीला?"

"व्हय. गेल्या वर्सी डावीकडं व्हतं."

उदयसिंहांच्या हातातली चादर हळूहळू खाली आली. म्हणजे एक वर्ष शत्रूकडे, एक वर्ष पाठ, आणि आपण दोन्हीला तितकाच कडक सॅल्यूट ठोकत आलो. सगळ्या जगाची मागची बाजू तपासून बघणारा माणूस, आणि घरातलं एवढं मोठं मुंगूस तोंड फिरवतंय ते दिसलं नाही. त्यांना खरोखरच धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पाटावरच्या अंकिताला आधी हसू येत होतं, पण वडिलांचा चेहरा बघून तिचं हसू गेलं.

तेवढ्यात धोंडप्पा घसा खाकरून म्हणाले, "आता माझं राहिलंय."

हशा थांबला.

"मला बी ह्यांचा संशय व्हता. माझ्या घरात आले, चिन्हाकडं डोळं फाडून बघत बसले, पर सॅल्यूट न्हाय मारला. मग फोन करून पलटणीची माहिती काढाय लागले. मग फोटू बघितला, तर मुंगूस फिरलेलं. म्हटलं, ह्यो माणूस तोतया हाय. फोटूचा संशय आज सकाळी गेला, जुनी वर्दी काढून बघितली तवा. बाकीचा तसाच हाय. म्हणून एक सवाल काढून ठेवलाय."

"इचारा," उदयसिंह म्हणाले. आवाजात आता फारसा जीव नव्हता.

"दंडावर जे चिन्ह व्हतं, त्याचं तोंड कुटं?"

 उदयसिंहांना उजवीकडं म्हणावं तर भरवसा नाही, डावीकडं म्हणावं तर जीभ वळेना. सगळी बैठक त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांनी नकळत मान वळवून स्वतःच्या उजव्या दंडाकडे पाहिलं. नंतर डाव्या दंडाकडे. शर्ट साधाच होता, पण काहीतरी आठवल्यासारखं त्यांचं सगळं अंग ताठ झालं.

"दोन व्हती," ते हळू आवाजात म्हणाले. "उजव्या दंडावरचं उजवीकडं बघायचं, डाव्या दंडावरचं डावीकडं. दोन्ही पुढं. गडी पुढं चालला की दोन्ही शत्रूकडं."

"पास," धोंडप्पा म्हणाले.

"पर ह्ये पलटणीबाहेरच्याला म्हाईतच नसतंय," उदयसिंह म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सवालही पलटणीबाहेरच्याला सुचला नसता. ते तसेच भिंतीपुढे जाऊन उभे राहिले आणि डावीकडे बघणाऱ्या त्या मुंगसाला त्यांनी राहिलेला सॅल्यूट ठोकला. धोंडप्पाही शेजारी येऊन उभे राहिले. उदयसिंहांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मागे कुणीतरी गुरुजींना अंगठ्यांची आठवण करून दिली. अंकिताने बोट पुढे केलं, आणि आणखी कुणी उठून काही बोलायच्या आत महेश्वरने अंगठी घातली. जगदेवीबाईंनी पेढे फिरवायला घेतले आणि उदयसिंहांना म्हणाल्या, तुमची खार बी भिंतीवर झकास दिसंल, काच लावा. या वेळी उदयसिंहांनी काही समजावून सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदयसिंह आंघोळ करून हॉलमध्ये आले. मथुराबाईंनी चादर पुन्हा जागेवर टांगली होती. त्यांनी टाचा जुळवल्या, हात वर नेला, आणि तो अर्ध्यात थांबला. मुंगूस आता दाराकडे पाठ करून डावीकडे, थेट त्यांच्या आरामखुर्चीकडे बघत होतं.

"अगं, ह्ये असं का टांगलंस?"

"तुमीच सांगता की," स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "त्याचं तोंड कायम शत्रूकडं पायजे म्हणून. नीट बघूनच टांगलंय मी. ह्या घरात आजवर जो काय घोळ झाला, त्यो दारातनं आला न्हाय. त्या खुर्चीतनंच आला."

 उदयसिंहांनी सॅल्यूट पुरा केला, आरामखुर्ची उचलली आणि आवाज न करता उजवीकडे, दाराजवळ नेऊन ठेवली.

"ठेवा कुटं बी," मथुराबाई आतूनच म्हणाल्या. "मी काय दिवाळीपतूर थांबायची न्हाय."